तापीच्या पाण्याला कोणता सूट?

चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. तिथून खाली भुसावळजवळ हतनूर धरणाचे ४१ दरवाजे लागतात आणि पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा अशा नद्या पोटात घेत तापी जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडून गुजरातेत जाते. या पट्ट्यात कोणी बुडाले की पहिली उडी गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याची असते, नाही तर भोई-कोळी समाजातल्या एखाद्या जाणत्याची. त्यांच्या हाती काही लागले नाही, की तहसील कार्यालयामार्फत निरोप धुळ्याला जातो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळे येथे आहेत. धुळ्याच्या तुकडीतले जवान राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ६ मधले. समुद्राचे वारेही न लागणाऱ्या खान्देशात राज्यातल्या गोड्या पाण्याच्या शोधकार्याचे एक मुख्य ठाणे असावे, ही गोष्ट खान्देशातल्याच अनेकांच्या गावी नसते.

पाणबुड्याने अंगात काय घालावे हा प्रश्न म्हणूनच इथे विचारायला हवा. तारकर्लीला पर्यटक समुद्रात उतरतो तेव्हा पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे असते, तळ दिसत असतो आणि अर्ध्या तासात वर यायचे असते. पातळ सूट पुरतो, आणि तो चुकीचा निघाला तरी फार तर अंगावर शहारे येतात. इथला पाणबुड्या गढूळ पाण्यात चाचपडत उतरतो. काय हाताला लागेल हे त्याला ठाऊक नसते आणि ते पाणी कुठून काय घेऊन आले आहे, हेही नसते. अशा कामासाठी आता ‘ड्रायसूट’ नावाच्या पोशाखाची शिफारस केली जाते. शिफारस योग्य आहे. मात्र ती ज्या देशांतून आली तिथली कारणे वेगळी आहेत, आणि ती कारणे जशीच्या तशी उचलली तर तापीवर हाच पोशाख घात करू शकतो.

आधी दोन पोशाखांतला फरक पाहू. नेहमीचा ‘वेटसूट’ निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा असतो. तो पाणी अडवत नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. मानेला आणि मनगटांना रबरी गळपट्ट्या, पायाला जोडलेले मोजे किंवा बूट, बंद करायला जलरोधक चेन. आत कोरडे कपडे आणि हवा. छातीवरच्या झडपेतून सिलिंडरमधली हवा आत घ्यायची, डाव्या दंडावरच्या झडपेतून सोडायची. तत्त्व जुनेच आहे. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने तांब्याच्या शिरस्त्राणाला रबर लावलेल्या कॅनव्हासचा बंद पोशाख जोडला, तो एका अर्थाने ड्रायसूटच होता. जुन्या चित्रांत जड बुटांचा, गोल डोक्याचा पाणबुड्या दिसतो तो हाच.

थंड देशांत या पोशाखाची निवड थंडीच ठरवते. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये किंवा इंग्लंडच्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणींत हिवाळ्यातले पाणी चार-सहा अंशांवर असते. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत तर ते वर्षभर दोन ते चार अंश. अलीकडे मराठी पर्यटकही तिथे हौसेने उतरतात, आणि स्कूबासाठी ड्रायसूटशिवाय कोणी उतरू देत नाही. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते, त्यामुळे अशा पाण्यात उघडा माणूस काही मिनिटांतच हातापायांतले बळ गमावून बसतो. तिकडचे विक्रेते सूट विकताना आत घालायच्या कपड्यांची जाडी, अस्तराची ऊब, डोक्याच्या टोपीचे मिलिमीटर यांवरच बोलतात, ते साहजिक आहे.

खान्देशात थंडी नाही असे मात्र नाही. जानेवारीतल्या पहाटे धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. नदीचे पाणी तितके गार होत नसले तरी काठावर ओल्या अंगाने उभे राहणे सोपे नसते. शिवाय उघड्या, स्थिर बसलेल्या शरीराला पाण्यात ना थंडी ना उकाडा असा समतोल साधायला ते पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. पंचवीस अंशांच्या पाण्यातही तासभर हळूहळू तळ चाचपणारा माणूस गारठतो. बोटांची जाण कमी होते, आणि इथे डोळ्यांचे काम बोटेच करतात. पण एवढ्यासाठी तीन ते पाच मिलिमीटरचा वेटसूट पुरेसा आहे. केवळ थंडीसाठी तापीवर ड्रायसूट आणणे म्हणजे पैशाची उधळपट्टी.

खान्देशात माणसे बुडतात कधी, हे पाहिले की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. एप्रिल-मेच्या सुट्टीत, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, दुपारच्या उकाड्यात पोरे नदीत उतरतात. वाळू उपशाने गिरणेत आणि तापीत जागोजागी खोल खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा मुलगा एका पावलात डोक्यावरच्या पाण्यात जातो. पोळ्याला बैल धुताना, गणपती विसर्जनाला, नवरात्राच्या शेवटी. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्यावर. यातला एकही प्रसंग कडाक्याच्या थंडीतला नाही. बहुतेक हाका येतात त्या जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, किंवा भाद्रपदातल्या घामट उकाड्यात.

ड्रायसूटचा खरा धोका इथेच आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत तो एखाद्या ओळीत उरकलेला असतो. मनुष्याचे शरीर उकाड्यात घाम गाळून आणि तो वाळवून स्वतःला थंड ठेवते. हवाबंद पोशाखात घाम वाळत नाही. पाण्यात उतरल्यावर बाहेरचे पाणी सूटमधून उष्णता ओढते आणि बरे वाटते. पण पाण्यात उतरेपर्यंतचा वेळ आणि बाहेर आल्यानंतरचा वेळ काठावर, उन्हात, काळ्या रबरात जातो. शिवाय प्रत्येक पथकात एक राखीव पाणबुड्या लागतो. आतल्यावर प्रसंग आला तर तत्काळ उतरायचे म्हणून तो पूर्ण पोशाखात तयार बसतो. आतला निदान पाण्यात असतो. हा मात्र तासभर उन्हात शिजतो, आणि हाक आलीच तर अर्धा दमलेला उतरतो. मे महिन्यातल्या तापीकाठी उष्माघाताची पहिली शक्यता या राखीव माणसाला आहे, पाण्याखाली गेलेल्याला नाही.

उपाय अवघड नाहीत, फक्त ते सूट खरेदी करतानाच ठरवावे लागतात. काठावर कापडी मांडव हा उपकरणांच्या यादीतलाच एक जिन्नस समजावा. अंगात जाड लोकरी अस्तराऐवजी घाम शोषणारा एकेरी, पातळ कपडा असावा. चेन समोरून, खांद्यापासून कमरेकडे तिरकी असेल असा सूट घ्यावा, कारण तो कमरेपर्यंत चढवून, वरचा भाग मोकळा ठेवून बसता येते आणि शेवटच्या क्षणी एकट्याला बंद करता येतो. पाठीवर आडवी चेन असलेला सूट स्वस्त पडतो, पण तो बंद करायला दुसरा माणूस लागतो, म्हणून लोक तो आधीच बंद करून बसतात. राखीव पाणबुड्याला कमरेभर पाण्यात, सावलीत बसवणे ही सर्वांत साधी युक्ती. ताक-पाणी देत राहावे, आणि दर फेरीनंतर माणसे बदलावीत.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो सुटापेक्षा नाजूक आहे. बर्फगार पाण्यात बराच वेळ बुडालेली मुले वाचल्याची उदाहरणे जगात आहेत, कारण गारठ्याने मेंदूची प्राणवायूची गरज झटकन घटते. उन्हाळ्यातल्या तापीच्या कोमट पाण्यात तशी आशा नसते. पाण्याखाली गेलेल्याला तासाहून अधिक वेळ झाला की ते काम सुटकेचे राहत नाही, शोधाचे होते, आणि शोधासाठी पहाटे सहा ते दहा ही वेळ दुपारी एकपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. काठावर हंबरडा फोडणाऱ्या आईला हे सांगणे कोणालाही जड जाईल. तरी ते सांगण्याची जबाबदारी तहसीलदाराने किंवा ठाणे अंमलदाराने घ्यावी. पथकप्रमुखावर ती ढकलली की गर्दीचा दबाव थेट पाणबुड्याच्या अंगावर येतो, आणि तो भर उन्हात बंद रबरात उतरतो.

इतका उपद्व्याप असेल तर ड्रायसूट हवाच कशाला? पाण्यासाठीच हवा, पण त्याच्या थंडीसाठी नव्हे, घाणीसाठी. बऱ्हाणपूरपासून खाली तापीच्या काठी शहरे आहेत, पांझरा तर धुळे शहराच्या मधूनच वाहते. उन्हाळ्यात प्रवाह आटतो तेव्हा नदीतले डबके म्हणजे गावाचे सांडपाणी, कापसाच्या आणि केळीच्या शेतांतून उतरलेली फवारणी, मेलेली जनावरे आणि कुजलेली झाडे यांचा गाळ. त्यातच कित्येक तासांपूर्वी बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायचा असतो. अंगावरच्या ओरखड्यातून, डोळ्या-नाकातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरू शकतात. पाण्याचा घोट गेला तर कावीळ आणि विषमज्वर आहेतच. कानाचे दुखणे तर अशा पाण्यात उतरणाऱ्यांच्या कायमचे मागे लागते. वेटसूट इथे उलट त्रासाचा ठरतो. त्याचे फेसाळ रबर घाण पाणी शोषते, पाणबुड्या ते अंगाला चिकटवून घरापर्यंत नेतो आणि नुसत्या धुण्याने ते निघत नाही.

पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे पाणबुडे जगभर यासाठीच गुळगुळीत, गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचा ड्रायसूट पसंत करतात. त्याला शिवणीच्या चिरा कमी, छिद्रे नाहीत. साबणाच्या आणि जंतुनाशकाच्या पाण्याने तो अंगात असतानाच धुता येतो, आणि धुतल्यावर खरोखर स्वच्छ होतो. दुरुस्तीही सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढावे तशी, ठिगळ आणि सोल्यूशन लावून. हा सूट जड असतो, ताणत नाही आणि उकडतोही जास्त. दुसरा पर्याय तीन थरांच्या कापडाचा: बाहेर नायलॉन, मध्ये ब्यूटाइल रबराचा पापुद्रा, आत पॉलिस्टर. तो हलका, पटकन वाळणारा आणि वाहून न्यायला सोपा, पण बाहेरचे कापड घाण धरते आणि बाभळीच्या काट्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. धरणांच्या फुगवट्याखाली बाभळीची झाडे उभीच बुडालेली असतात, पुलांखाली जुन्या सळया असतात, मासेमारीची तुटकी जाळी असतात. गुडघ्यांना आणि कोपरांना जाड आवरण नसलेला कापडी सूट अशा ठिकाणी फार टिकणार नाही. तिसरा प्रकार दाबलेल्या निओप्रीनचा. तो थंड समुद्रांसाठी उत्तम, पण इथे उगाच जाड, आणि घाण धरणाराही. खान्देशासाठी आमचे मत स्पष्ट आहे: घाण पाण्यासाठी मोजके रबरी ड्रायसूट, आणि वाघूर किंवा गिरणा धरणासारख्या तुलनेने स्वच्छ जलाशयांसाठी पातळ वेटसूट. प्रत्येकाला एक ड्रायसूट ही घोषणा ऐकायला बरी वाटते, पण ते सूट वापरात न येता पेटीत पडून राहतील.

सुटाबरोबर तोंडापासून कपाळापर्यंत सगळा चेहरा झाकणारा मुखवटा आला पाहिजे. गळ्यापर्यंत कोरडे राहून तोंडाने मात्र नदी चाखायची असेल तर एवढा खर्च कशासाठी? हातमोजेही मनगटाच्या कड्याला जोडणारे, कोरडे. बाहेर आल्यावर आधी सूट धुवायचा, मग मुखवटा काढायचा, शेवटी चेन उघडायची. हा क्रम उलटला की सुटावरची न धुतलेली घाण हाताने तोंडाला लागते.

आता गळपट्ट्यांविषयी, कारण ड्रायसूटचे आयुष्य बहुधा तिथेच संपते. मानेची आणि मनगटांची पट्टी पातळ लॅटेक्सची, सिलिकॉनची किंवा निओप्रीनची असते. लॅटेक्स उत्तम बसते आणि खान्देशात सर्वांत लवकर मरते. ऊन, उष्णता, तेल आणि पेट्रोलची वाफ हे तिचे शत्रू. आपल्याकडे आपत्तीचे साहित्य बहुधा पत्र्याच्या गोदामात असते. मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय तापमान असते ते वेगळे सांगायला नको. त्याच खोलीत बोटीचे इंजिन आणि पेट्रोलचे डबे ठेवलेले असले तर दोन उन्हाळ्यांत पट्टी चिकट होते, तिसऱ्या वेळी गळ्यातून घालताना फाटते, आणि ते कळते पाण्याच्या काठावर. उंदीर हा आणखी एक विषय, तो परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही. सूट थंड, अंधाऱ्या, पक्क्या खोलीत, सैल गुंडाळून किंवा टांगून ठेवावा. पट्ट्यांना सुवास नसलेली टाल्कम भुकटी लावावी. चेनीला मेण लावावे, आणि चेन कधीही दुमडू नये. पितळी दातांची ही चेन एकदा वाकली की सूट भंगारात, कारण ती बदलायचा खर्च ऐकून कोणी बदलत नाही.

जवानांच्या बदल्या होतात, म्हणजे एक सूट अनेकांच्या अंगाला लागणार, हे गृहीत धरूनच निवड करावी. अशा वापराला कड्यात अडकवून हाताने बदलता येणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्या बऱ्या. गळा मोठा असलेल्याला मोठी, लहान असलेल्याला लहान, आणि फाटली तर काठावरच दहा-पंधरा मिनिटांत नवी. घट्ट गळपट्टी हा केवळ गैरसोयीचा मामला नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर भोवळ येते, आणि पाण्याखाली भोवळ येणे म्हणजे काय ते सांगायला नको. मानेवर उतरलेल्या दाढीवर गळपट्टी आणि मिशांवर मुखवटा नीट पाणी अडवत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे. नाही तर खरेदी झाल्यावर मिशीवरून वाद होतात.

प्रशिक्षणाबद्दल एक गैरसमज जिल्ह्याजिल्ह्यात ऐकू येतो. आपल्या नदीत वीस फूट पाणी, त्याला कसले प्रशिक्षण, असा. भौतिकशास्त्र नेमके उलटे सांगते. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणून पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो; पुढच्या दहा मीटरांत तो दीडपटच होतो. हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. वीस फुटांवर म्हणजे सुमारे सहा मीटरवर सुटातली हवा आकसून साठेक टक्क्यांवर येते. पोशाख अंगाला चिमटे काढू लागतो आणि झडपेतून हवा घ्यावी लागते. वर येताना तीच हवा फुगते. ती वेळेत सोडली नाही, तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. त्या वेळी त्याने श्वास रोखलेला असेल तर फुप्फुस फाटण्यापर्यंत प्रकार जाऊ शकतो. डोके खाली करून तळ चाचपताना हवा पायांत जमली, की पाय वर आणि डोके खाली अशा अवस्थेत तो अडकतो. दंडावरची झडप तेव्हा खाली असते आणि हवा बाहेर सोडता येत नाही. यातून गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारून सुटायचे असते. हे पुस्तकात वाचून येत नाही, तरण तलावात पुन्हा पुन्हा करून अंगात भिनवावे लागते.

शिशाच्या वजनांचेही तसेच. महाराष्ट्रात स्कूबाचे शिक्षण घ्यायचे तर बहुतेकांची वाट तारकर्लीकडे जाते. पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे. पण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते. सामानासह शंभर किलो भरणाऱ्या पाणबुड्याने समुद्रात जे शिसे कमरेला बांधले, त्यातले सुमारे अडीच किलो तापीत काढून ठेवावे लागते. त्याउलट ड्रायसूटमधली हवा माणसाला तरंगवते, म्हणून त्यासाठी शिसे वाढवावे लागते. बेरीज-वजाबाकी प्रत्येकाची वेगळी. ती तारकर्लीतही ठरत नाही आणि धुळ्याच्या कार्यालयातही नाही, प्रत्यक्ष गोड्या पाण्यात, त्याच सुटात, त्याच सिलिंडरसह ठरते.

पुराचा विषय यापासून पूर्ण वेगळा ठेवायला हवा. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घ्यायला गेलेली धुळ्याच्या पथकाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ते खान्देशातून दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांसाठी गेले होते. त्या दिवशी अमुक सूट असता तर, असे म्हणण्यात अर्थ नाही आणि औचित्यही नाही. पण वाहत्या पाण्यात काम करणाऱ्या बोटीवरच्या माणसाला लागणारा ड्रायसूट आणि स्कूबाचा ड्रायसूट या दोन भिन्न वस्तू आहेत, एवढे तरी खरेदी करणाऱ्यांना ठाऊक असावे. पुराच्या सुटाला हवा भरायची झडप नसते. तो हलका, पोहता येईल असा, वरून तरंगते जाकीट आणि शिरस्त्राण घालण्याजोगा असतो. स्कूबाचा सूट घालून पुराच्या बोटीत बसलेला माणूस पडला तर जड पोशाखात त्याला पोहताच येत नाही. आणि सूट फाटून आत पाणी शिरले तर ते पाण्यात खाली ओढत नाही, पण बोटीत चढताना तेवढे वजन उचलावे लागते.

पांझरेवरच्या फड बागायतीचे जुने बंधारे असोत की अलीकडचे कोल्हापुरी पद्धतीचे, त्यांवरून पाणी कोसळत असेल तेव्हा खालच्या बाजूला पाणी पृष्ठभागावरून बंधाऱ्याकडेच उलट वळते आणि तिथे सापडलेली वस्तू, माणूस किंवा बोट फिरत राहते. अशा जागी कुठल्याही सुटात कोणीही उतरू नये. आधी वरच्या धरणातून विसर्ग कमी करता येतो का ते पाहावे, आणि ते ठरवायचा अधिकार कोणाचा याचा आदेश पावसाळ्यापूर्वीच निघालेला असावा.

विहिरींबाबत एवढेच की खोल, जुन्या विहिरीत पाण्यापेक्षा वरची हवा अधिक घातक असते. प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड किंवा विषारी वायू साचलेला, हे सुटाने टळत नाही. तिथे श्वसनयंत्र हवे.

खरेदीचे गणित शेवटी निविदेवर येते. ड्रायसूट लाख रुपयांच्या आसपास सुरू होतो आणि कित्येक लाखांपर्यंत जातो. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किंवा निविदेत सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडला जातो, तेव्हा दराची तुलना नुसत्या सुटाची होते. गळपट्ट्यांचे दोन जास्तीचे संच, चेनीचे मेण, आतला पातळ कपडा, मुखवटा, हातमोजे, पाच वर्षांची देखभाल आणि प्रशिक्षकाचे दिवस हे सगळे त्या दरात नसेल तर स्वस्त सूट महाग पडतो. मापांचा घोळ तर ठरलेलाच: ‘मध्यम चार, मोठे चार’ असे लिहून मागवले की मध्यम अंगाचे सहा जवान आणि मोठे दोन अशी स्थिती असते. आधी सध्याच्या पथकाचा गळा, मनगट, छाती, पायाची लांबी आणि बुटाचे माप घ्यावे, त्यावरून आकडे काढावेत.

माल ताब्यात घेताना पेट्या मोजून सही करण्याची पद्धत इथे चालणार नाही. प्रत्येक सूट हवा भरून, साबणाचे पाणी लावून, बुडबुडे येतात का ते पाहावे. मग ज्याच्या मापाचा तो आहे त्याने तरण तलावात अर्धा तास घालून उतरावे, कोलांटी मारून दाखवावी, दंडावरची झडप चालते का ते तपासावे आणि बाहेर आल्यावर आतला कपडा कोरडा आहे का ते पथकप्रमुखाने हाताने पाहावे. त्यानंतरच देयक मंजूर व्हावे. ही अट निविदेत आधीच लिहिलेली असेल तरच पुरवठादार ती पाळतो. माल उतरवल्यावर सुचलेली अट तो हसून ऐकतो आणि बिलाची चौकशी करतो.